नानांनी बुजवलेला खड्डा

न्यू जर्सी, रविवार

ती. सुमित्राआत्यांना नेत्राचा एकाच हाताने नमस्कार (डावा प्लास्टरमध्ये आहे, गैरसमज नसावा).

तुमचे गुडघे काय म्हणतात? हे ईमेल जयकडून वाचून घ्या, पण दार लावून. कोपऱ्यावरच्या खड्ड्यात पडून माझं मनगट मोडलं, हे तुमच्या भाच्याने, श्रीरंगने, कळवलंच असेल (‘मायनर आहे’ म्हणाला असेल, त्याचं कुठे मोडलंय!). इथे रस्ता खराब म्हणून पडलं तर सरकारकडे भरपाई मागता येते, पण नव्वद दिवसांत नोटीस द्यायची आणि खड्डा होता हे आपणच दाखवायचं. माझी वकील मैत्रीण रेणू म्हणाली, आधी फोटो काढ. काल गेले, तर खड्डाच गायब! गुळगुळीत काळा चौकोन. टाउनशिप (इथली नगरपालिका) इतकी तत्पर? छे हो, आमचे नाना, तुमचे धाकटे बंधू! बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, मुलाकडे पाहुणा आला म्हणून स्वस्थ बसतोय होय? दुकानातून डांबरी मालाची गोणी आणली (मला वाटलं, बासमती), पहाटे ओतली आणि चोपायला धुमस नाही म्हणून श्रीरंगच्या डंबेलने ठोकली.

पुरावा गेला तो गेलाच. वर रेणू म्हणते, परवानगीशिवाय केलेल्या कामावर कोणी घसरलं, तर सरकार राहील बाजूला, नानांनाच धरतील. व्हिजिटर व्हिसावरचा माणूस, आत्या! सकाळपासून मी खिडकीशी उभी आहे. कोणी जॉगर त्या चौकोनाकडे वळला की काच ठोकून त्याला बाजूने जायला खुणावते. नानांना बोलायला गेले, तर म्हणाले, “मग काय, आणखी कोणी पडेपर्यंत थांबायचं होतं?” कपाळ माझं!

आशीर्वाद असू द्या, दोघांनाही लागणार आहेत.

तुमची,
नेत्रा

ता. क. खरं काम हे, की नाना फक्त तुमचं ऐकतात. फोन करून चांगलं रागवा. पुढच्या वळणावरचा खड्डा ते रोज छत्रीने मोजतायत.

ता. क. २. सेंड दाबणार तेवढ्यात नानांनी एक कागद आणून दिला. बुजवण्याआधी त्यांनी रीतसर पंचनामा केला होता! लांबी, रुंदी, खोली, दोन शेजाऱ्यांच्या सह्या. दावा वाचला, आत्या! फक्त ‘अपघाताचे कारण’ या रकान्यात लिहिलंय: ‘सदर महिला चालताना फोनवर सासऱ्यांच्या तक्रारी सांगत होती. मी तीन पावले मागे होतो.’ फोनच्या पलीकडे तुम्हीच होतात ना हो, मध्येच कट झाला तो हाच. सगळं ऐकलं त्यांनी, आणि तरी पहाटे उठून माझ्यासाठी रस्त्यात गुडघे टेकून बसले. आता फोन करू नका. आधी मी त्यांची माफी मागते, मग बघू दाव्याचं.