जीपमध्ये ठेवायला लावलेला मोबाईल

९ मे २००५
मांजरसुंब्याला दुखवट्याला गेलतो, मी न् पोरगा शिवा. मागं अशाच एका घरी बायका रडत असताना कुणाच्या तरी खिशात सिनेमाचं गाणं वाजलं. तेव्हापासून माझा कायदा, मोबाईल जीपमध्येच. शिवा म्हणाला, "आप्पा, सुनीचा फोन आला मंग?" लेक भरल्या दिवसांची, दुसरी खेप, म्हणून अंबाजोगाईला सासरीच. ही तिच्याजवळ. मी म्हणलं, अर्ध्या तासानं काय होतंय.
अडीच तास लागले. काचा बंद, मोबाईल समोरच्या काचेखाली. उचलला तर तव्यावरची भाकर. ओल्या उपरण्यात गुंडाळला, माठाला गुंडाळतो तसा.

१० मे
मागचं झाकण बसेना. बॅटरी फुगली, गाभण शेळीवानी. आष्टीतला मोबाईलवाला म्हणतो, "उन्हानं फुगली ती फुगली, वर पाणी कावून घातलं, बाबा?"
"तापात पट्टी ठेवत न्हाईत का?"
हसला. मग हसणं सोडून, "चार्जिंगला लावू नका. पेटंल."
नवी बॅटरी नगरहून. शुक्रवारी येईल म्हणे.

११ मे
शिवानं जुनीच बॅटरी चार्जिंगला लावली. "सुनीच्या सासरी ह्योच नंबर हाय, आप्पा." शेजारचा फोन रस्त्याच्या खोदकामात मुका झालाय. बूथवरून सुनीच्या दवाखान्यात तीनदा लावला, कुणी उचलत नाही.
अंगणात सावलीला वाळूचं घमेलं, त्यात मोबाईल, वायर खिडकीतून. मी जवळ बसून. डोळा हलवला की पेटेल असं वाटतं. नात लांबून विचारते, "आज्जा, त्यो चावतो का?" हो म्हणलं. सुनेला म्हणलं, पोरीला घरातच धर.
शिवा घडीघडी येऊन वायर बघून जातो. दोन्ही भीती एकाच घमेल्यात. वाजला तर हातात फुटेल, नाही वाजला तर सुनी...

१२ मे
दहाच्या सुमारास वाजला. शिवा जीपचं पाणी बघत होता. मीच उचलला. कानाला लावायचं धाडस नाही, वीतभर लांब धरला. हिचा आवाज, "ऐकताव का? आत नेलंय तिला. डॉक्टरीण म्हणती..." गेला. पडदा काळा. हाताला कढत लागत होता.
शिवाला सांगितलं. तो म्हणाला, निघू. चार तासांची वाट. ही पुन्हा लावणार, लावणार तो ह्याच नंबरावर. बरोबर घ्यावा तर दुपारभर जीपची भट्टी, न् फुटला तर शिवाचे हात चाकावर. घरी ठेवावा तर इथं सून न् पोर.
हे उभ्यानंच लिहितोय. शिवानं दोनदा हॉर्न वाजवला. मोबाईल परत वाळूत, वायरीला, पडदा पुन्हा उजळलाय. सून दारात येऊन विचारते, "मामंजी, काय करू ह्याचं?"