एक कान उघडा

प्रिय खारू,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुझ्या तोंडचं पाणी पळालं असेल, तर आधी शांत हो. इकडे सगळे ठणठणीत आहेत. कोणी आजारी नाही, मला तुला काही विकायचं नाही, आणि कोणाचं काही बिनसलेलंही नाही. म्हणजे आपलं दोघींचं सोडून. पण त्याच्याकडे येतेच. पत्र लिहायची सवय मात्र साफ गेली गं. ‘प्रिय’ लिहिलं आणि चहा टाकायला उठले, परत बसले, पुन्हा उठले. शेवटी सासूबाई म्हणाल्या, अगं बाई, परीक्षेचा पेपर आहे का तो? म्हणून आता बैठक मारून बसलेय. चांगलं लांबण लावणार आहे, तेव्हा तूही शेंगदाण्यांची वाटी जवळ घेऊन बस.

आधी आपल्या डबिंग स्टुडिओच्या बातम्या. भिंतींना नवा रंग दिलाय, आणि तो असा लालभडक की बूथमध्ये उभं राहिलं की कलिंगडाच्या पोटात उभं राहिल्यासारखं वाटतं. एसी अजून तसाच घोरतो, त्यामुळे टेक घेताना तो बंद करायचा आणि आपण घामाघूम होऊन लढाया मारायच्या, हे चालूच आहे. ‘बूथमध्ये खाण्यास सक्त मनाई’ ही पाटी रंगाऱ्यानं काढून ठेवली होती, ती कानदादांनी पुन्हा जागच्या जागी ठोकली, त्यांच्याच हातच्या ‘शेंगदाणेसुद्धा!’ या ओळीसकट. दादांचा खडूसपणा वाढलाय. साऊंड रेकॉर्डिंग करून करून कान इतके तिखट झालेत की टाचणी पडली तर कोणाच्या हातून पडली तेही सांगतात. पण रंगकामासाठी गालिचा उचलला तेव्हा कोपऱ्यातून तुझी टरफलं निघाली. ती झाडता झाडता म्हणाले, खार गेली आणि स्टुडिओ स्वच्छ झाला. म्हणाले खरं, पण तोंड एवढंसं झालं होतं.

आणि आता मोठी बातमी. आपलं अ‍ॅनिमे परत आलंय! शेवटचा सीझन. तेच हवेत तरंगणारे किल्ले, तेच जांभळं आभाळ, आणि तोच तो बोलका कंदील, ज्याच्यापायी आपण हसून हसून अख्खी सकाळ वाया घालवली होती. माझी किल्लेदारीण अजून तशीच, आधी ओरडते आणि मग विचार करते. डबिंगच्या पहिल्या दिवशी डायरेक्टरबाईंनी आपल्याला बघितलं आणि उभ्या उभ्या वाटणी करून टाकली, आठवतं? ही दणदणीत आवाजाची, हिला किल्लेदारीण. ती बारीक आवाजाची, तिला ड्रॅगनकन्या. त्याच दिवशी दादांनी मला भोंगा केलं आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तुला खार. तुझी ड्रॅगनकन्याही या सीझनमध्ये आहे. तिच्या संवादांच्या जागी सध्या काहीच नाही, नुसती रिकामी जागा, आणि मी त्या रिकाम्या जागेशी भांडत उभी असते.

सासूबाईंना या अ‍ॅनिमेनं वेड लावलंय. पूर्वी म्हणायच्या, एवढाल्या डोळ्यांची ही जपानी कार्टूनमधली माणसं, यांना झोप तरी कशी लागते? आता जुने भाग लावून लावून बघतात आणि वर माझ्याशी भांडतात, कारण त्या ड्रॅगनकन्येच्या बाजूच्या. त्यांचा राग आहे तो दुसऱ्या सीझनमधल्या तटावरच्या प्रसंगावर. किल्लेदारीण आपल्या हरवलेल्या भावाची हकिगत सांगते, जन्मात पहिल्यांदा कोणाला तरी सांगते, आणि समोर ड्रॅगनकन्या दोन्ही डोळे मिटून बसते. हिला वाटतं, झोपली! झालं, नाकाला मिरच्या झोंबल्या. ताडकन उठून जाते, आणि पुढे दोघी एकमेकींशी कामापुरतं बोलतात. आता या शेवटच्या सीझनमध्ये कळतं की ड्रॅगन लोक जन्मभर एक डोळा उघडा ठेवून झोपतात. दोन्ही डोळे मिटायचे ते फक्त ज्याच्यावर पुरता भरवसा आहे त्याच्यासमोर. म्हणजे ती बिचारी जीव ओवाळून टाकत होती आणि ही म्हणतेय, झोपली. सासूबाईंना मी हे आधीच सांगून टाकलं (बोलू नकोस कुठे, मनाई आहे आम्हाला), तर म्हणाल्या, मला तेव्हाच कळलं होतं, तुझ्या त्या किल्लेदारणीलाच अक्कल नाही.

तू हसतेयस ना? मीही हसतच लिहितेय, पण हसता हसता इथे अडकलेय. कारण खारू, आपणही एक अख्खा सीझन कामापुरतंच बोललो. एकाच बूथमध्ये शेजारी शेजारी उभ्या राहणाऱ्या आपण, आणि एकाएकी तुझा सोमवार झाला, माझा गुरुवार झाला. मग भावोजींची बदली झाली आणि तू निघालीस. तुझ्या निरोपाला मी आले ती सगळ्यांच्या घोळक्यात, मागे उभी राहून, परकी असल्यासारखी. त्यानंतर वाढदिवसाला मी केकचं चित्र पाठवायचं आणि तू अंगठा. कशावरून झालं एवढं, ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी कधी सांगितलं नाही. तोंड चालवून पोट भरणाऱ्या दोन बायका, आणि एक वाक्य निघालं नाही गं आपल्या तोंडातून!

तर आता सांगते. माझं दुखणं होतं तुझा हेडफोन. मी बोलायला लागले की तू डावा कान काढायचीस. राजा बोलताना नाही, कंदील बोलताना नाही. नेमका माझा संवाद आला की तुझा हात वर, आणि हेडफोनची ती डावी वाटी कानामागे. मी तुझ्या डाव्या हातालाच उभी असायचे, मला सगळं दिसायचं. मोठ्या भांडणाच्या प्रसंगात मी जीव तोडून ओरडले आणि तू कसनुसा चेहरा करून कान काढलास, तेव्हा मी मनाशी म्हटलं, संपलं, भोंगा सहन होईना हिला. तुम्ही भोंगा म्हणायचात त्याचं मला काही नव्हतं. पण लहानपणापासून आईपासून मास्तरांपर्यंत जो तो मला हळू बोल, हळू बोल करत आलाय. तू कधी म्हणाली नव्हतीस. म्हणून तुझ्याजवळ मी मोकळी होते. तुझ्याकडे जेवायला आल्यावरही मग मी दबक्या आवाजात बोलायला लागले. तू विचारलंस, घसा बसलाय का? मी म्हटलं, हो. आणि एक दिवस डायरेक्टरबाईंना जाऊन सांगितलं, आमचं दोघींचं वेगवेगळं घ्या, वेळ वाचेल.

आता गेल्या आठवड्यातली गंमत ऐक. माझा हेडफोन बिघडला, म्हणून दादांनी कपाटाच्या तळातून एक जुना काढून दिला. लावून बघते तर उजवा कान ठीक, डावा ठार बहिरा. मी काचेतून हातवारे केले, हा मेलाय म्हणून. पलीकडून दादांचा आवाज आला, मेला नाहीये, मीच मारलाय, तो खारीचा आहे. मी बूथचं दार उघडून बाहेरच आले. दादा कुरकुरत सांगायला लागले की त्या बाईनं मला फार छळलं. एक कान काढला की त्यातून मूळ भाषेतला आवाज बाहेर गळतो, माइकमध्ये शिरतो आणि चांगला टेक फुकट जातो. रोज रागवायचो, रोज मान डोलवायची, आणि भोंगा बोलायला लागली की परत कान बाहेर. शेवटी विचारलं, बाई, तुला नेमकं होतंय तरी काय? तर तू म्हणालीस, हेडफोनमधून भोंगा परगावाहून बोलल्यासारखी वाटते, आणि ती तर माझ्या शेजारी उभी आहे. बोलायच्या आधी ती श्वास घेते तो खरा कानावर पडला की माझं उत्तर आपोआप येतं. दादांनी हात टेकले आणि डावीकडची तार कापून टाकली, म्हणजे काढलास कान तरी गळायला नको.

मी तो हेडफोन त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, दादा, हे मला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, तुम्ही एकमेकींच्या घरी जेवणाऱ्या बायका, तुम्हाला एवढंही ठाऊक नसेल असं मला स्वप्न पडलं होतं का? मग म्हणाले, वेळापत्रक बदललं त्या दिवशी खार माझ्या खुर्चीपाशी आली होती. विचारत होती, माझे रीटेक फार होतात का हो, भोंग्याचा वेळ जातो का माझ्यामुळे? आणि आपणच म्हणाली, असू दे, कंटाळली असेल ती. खारू, मी कंटाळले? अगं, तुझे रीटेक म्हणजे माझी चंगळ होती! तू अडखळायचीस, जीभ चावायचीस, सॉरी म्हणता म्हणता तुला हसू फुटायचं, मग मला, आणि पलीकडे दादा कपाळ बडवून घ्यायचे. त्या हसण्यासाठी मी लगबगीनं कामावर यायचे. तुझा सोमवार वेगळा झाल्यावर माझं काम लवकर आटपायला लागलं, आणि मला घरी जावंसं वाटेना.

दुसऱ्याच दिवशी नेमका तो प्रसंग आला. एक म्हातारा ड्रॅगन किल्लेदारणीला सांगतो की डोळे मिटण्याचा अर्थ काय होता, आणि ती ओंजळीत तोंड लपवते. डायरेक्टरबाईंना तिथे हुंदका हवा होता. मी श्वास घेतला आणि मला हसूच आलं. साधंसुधं नाही, पोट धरून. एवढं हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माइकचा स्टँड धरून उभी राहिले. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण पडद्यावर तिचं तोंड ओंजळीत, ओठ जुळवायची भानगडच नाही. बाईंनी तोच टेक ठेवला. म्हणाल्या, असं सुटल्यासारखं हसू मागून मिळत नाही. घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, म्हणजे आमच्याच घरात किल्लेदारीण नांदतेय म्हणायची. तेव्हापासून मला हाकही तीच मारतात.

आता तू म्हणशील, मेले, मग फोन का नाही केलास? केला होता गं, म्हणजे हातात घेतला होता. पण आवाज हा आपला धंदा. फोनवर मी काय काय आवाज काढले असते, रडवेला, लाडीगोडीचा, काहीच झालं नाही असा. तू कान देऊन ऐकत बसली असतीस की यातला हिचा कुठला, आणि खरं सांगते, मलाही कळलं नसतं. कागदावर मला कुठलाच आवाज काढता येत नाही, म्हणून पत्र. मला तुझी फार आठवण येते. आता कामाचं. ड्रॅगनकन्येसाठी नव्या मुलींच्या चाचण्या चालल्यात, मुली चांगल्या आहेत, पण बाईंना मी म्हटलंय, जरा थांबा, मी आधी विचारून बघते. शेवटच्या भागात त्या दोघी समोरासमोर येतात, आणि तो प्रसंग मी वेगळ्या दिवशी बोलणार नाही हेही सांगून टाकलंय. प्रवासाचं, राहण्याचं बघता येईल, सासूबाईंनी तुझ्यासाठी खोली आवरायलाही घेतलीय. अडचण असली तर मोकळेपणी सांग, मग मीच तिकडे येते, कामाबिमाचं काही नाही, नुसती तुझ्याशी बोलायला. ड्रॅगनकन्येला नाही म्हणालीस तरी चालेल, खारू. मला म्हणू नकोस.

तुझीच, आणि होती तेवढीच मोठ्यानं बोलणारी,
भोंगा