खोटं सुतक

प्रिय नर्मदाअक्का,

त्या सकाळी अंगणात सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं आणि तू कोंबड्या हाकलत सहाण धुवायला बसली होतीस. मी धाकटी जाऊ, घरात नवीन. एवढं चंदन कशाला, म्हणून विचारलं, तर तू हसलीस. "बाबांच्या उरुसाला मजारीवर चढवायचा चंदनाचा संदल आपल्या घरून जातो. उगाळ आता, हात दुखंस्तोवर." तेव्हापासून दर साली उगाळत आले.

हे गेले त्या साली मी सहाण फळीवर ठेवून दिली होती. विधवेच्या हातचं चंदन कोण घेणार? हळदीकुंकवाची बोलावणी तर तेव्हाच बंद झाली. पण दर्ग्याचे मुजावर गफूरभाई दारात आले नि म्हणाले, "भाभी, बाबांच्या दारी सवाशीण-विधवा असं काई न्हाई. हात तोच हाय ना?" अक्का, वर्षातून तो एक दिवस माझा हात कुणाला तरी हवा असतो.

यंदा उरुसाच्या चार दिवस आधी शेजारचा आश्रुबा आला. तोच, उरुसात दोन-दोन ताटं मलिदा खाणारा. सोबत चार अनोळखी माणसं. "काकू, यंदा संदल हिंदूच्या घरून न्हाई जायाचा. एकट्या राहता तुमी, इचार करा." त्यातला एक जण नुसता दाराची कडी वरखाली करत होता. ते गेल्यावर दिवसभर शेळी ओरडली तरी मी कडी लावायला धावायचे.

उरुसाच्या आदल्या दिवशी गफूरभाई चंदनाचं खोड घेऊन आले. खरं सांगावं तर गावात भांडण पेटेल, नाही म्हणावं तर तोंड उघडेना. घाबरून बोलून गेले, आम्हाला सुतक आहे. सुतकात चंदनाला हात लावत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक. त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

अक्का, मी तुझं नाव घेतलं. माझं म्हणावं असं दुसरं कुणी आठवलंच नाही. गफूरभाई मटकन ओट्यावर बसले. "लय भली बाई. माझ्या लग्नात जिलबी तिनंच वाढली, मला सोडून समद्यांला." डोळे पुसले आणि दुपारी बाबांच्या मजारीवर तुझ्या नावानं फातिहा पढली. जिवंत माणसासाठी! मी तुला फोन लावत राहिले, लागेना. बाबांनी माझं खोटं खरं करून टाकलं तर? त्या भीतीपुढे कडी हलवणारा माणूस मला काहीच वाटेना.

काल तुझ्या सुनेनं शेजारच्यांच्या फोनवरून फोन केला. तुमचा फोन बिघडलाय, तू बरी आहेस, ओसरीवर हरभरा सोलायलीस म्हणाली. तेव्हा कुठे हे लिहायला बसले. बातमी गावभर झालीय, इकडून कुणी सेलूला तुझ्या घरी दुखवट्याला आलं तर घाबरू नकोस, त्यांना चहा दे, आणि मला माफ कर. ते खोटं बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाण कमरेवर घेऊन भर बाजारातून दर्ग्यावर गेले, गफूरभाईंना सगळं खरं सांगितलं आणि घुमटाच्या पायरीवर बसून चंदन उगाळलं.

तुझीच,
कावेरी