चहाचा वास आला म्हणून पसंत पडलेल्या मास्कबाबत

प्रति,
मा. सुरक्षा अधिकारी
तथा अध्यक्ष, मास्क निवड समिती,
मुख्य इमारत, वरचा मजला.

विषय : थिनरच्या टाकीत उतरण्यासाठी धुळीचा मास्क दिल्याबद्दल आभार, व तो परत घेण्याची विनंती.

संदर्भ : आपली तोंडी सूचना, "मास्क दिलाय ना? मग उतरवा माणूस."

महोदय,

मी रंगखात्याचा मुकादम असून वरील विषयी सविनय कळवितो की,

१. निवड समितीची बैठक रंगखात्यात ठेवली होती. परंतु तेथे फार वास येतो, या कारणास्तव ती आपल्या दालनात हलविण्यात आली. वाफ गाळणारे डबे लावलेला रबरी मास्क आपल्या चष्म्याला अडला, म्हणून बाद झाला. धुळीचा पांढरा मास्क घातल्यावर मात्र समोरच्या कपातील चहाचा वास आपणांस स्वच्छ आला आणि "श्वास मोकळा" असा शेरा मारून तो एकमताने मंजूर झाला. मी दाराशी उभा होतो. महोदय, ज्या वाटेने चहा आत आला, त्याच वाटेने थिनरही येतो, आणि त्याला आपल्या परवानगीची गरज लागत नाही.

२. मास्क वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. घासकामाच्या धुळीला तो उत्तम आहे. पण आमच्याकडे धूळ नाही, वाफ आहे. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार झाला. डोके दुखते अशी तक्रार केली असता आपल्या कारकुनांनी एकावर एक दोन मास्क घालण्याचा सल्ला दिला. तसे केले. डोके तेवढेच दुखले, वर कानही दुखू लागले. पुढे काही माणसांना वास येईनासा झाला, कारण नाकेच बधिर झाली. त्यावर भांडारप्रमुखांनी "तक्रार दूर झाली" असे कळविले.

३. आता सोमवारी टाकी आतून खरवडायची आहे. तोंड अरुंद असल्याने सर्वांत सडपातळ माणूस निवडण्यात आला. तो माझ्या पत्नीचा एकुलता एक भाऊ आहे. या नात्याशी समितीचा संबंध नाही हे मान्य, पण मला संध्याकाळी घरी जावे लागते. काल पत्नीने विचारले, "खाली हवा तरी आहे का?" आपल्या परिपत्रकात याचे उत्तर सापडले नाही. रबरी मास्कही तेथे चालायचा नाही, कारण गाळायला आधी हवा असावी लागते. बाहेरून नळीने हवा पुरविणारा मास्क, आधी पंख्याने मोकळी केलेली टाकी आणि तोंडाशी दोर धरून बसलेला माणूस, एवढे तरी हवे.

४. हे शक्य नसल्यास समितीची पुढील बैठक टाकीच्या तोंडाशी, झाकण काढून घ्यावी, ही नम्र विनंती. चहाची व्यवस्था खात्यातर्फे होईल. मंजूर मास्क अध्यक्षांनी स्वहस्ते घालून वाकून पाहावे. वास कशाचा येतो ते लिहून घ्यायला मी हजर राहीन.

५. टाकीत उतरण्याच्या परवान्यावर मुकादमाची सही लागते. ती मी करणार नाही. मला भीती वाटते, हे स्पष्ट लिहितो. कामात अडथळा आणल्याची नोटीस निघेल, याची कल्पना आहे. ती खुशाल काढावी. नोटीस मी घरी नेऊन पत्नीच्या हातात देऊ शकतो. तिच्या भावाची बातमी देऊ शकणार नाही.

आपला, अद्याप नम्र,
(सही)
मुकादम, रंगखाते
शुक्रवार, सकाळची पाळी

सोबत : टाकीत उतरण्याचा परवाना, सहीविना.