खडकाच्या खुणा

ती. आबांना जयवंतीचा अंबडहून नमस्कार.

इथं सगळं ठीक आहे. कंपनीत सकाळचीच पाळी आहे. बाजारात सुरमई मिळते, पण आठवडाभर बर्फात पडलेली, म्हणून मी घेत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. हरेशचं जाळं खडकात अडकून होडी कलंडली, हे मला वहिनीनं सांगितलं. तू नाही सांगितलंस. खडकाच्या खुणा बाप होडी कायमची हातात देतानाच मुलाला सांगतो, आधी सांगितल्या तर मासा जागा सोडतो, हे मला माहीत आहे. मासा गेला तर जाऊ दे. मला भाऊ एकच आहे.

लहानपणी तुझ्याबरोबर होडीत बसून मी खुणा बघून ठेवल्या होत्या. परवा हरेशला सांगितलं, देवळाचा कळस वाकड्या माडामागे गेला की खाली खडक. तो म्हणाला, "आक्का, तो माड वादळात कधीच पडला."

म्हणजे माझं सांगणं फुकट गेलं. माड पडल्यावरही तू चार वर्षं तिथंच जाळं टाकलंस, ते एकदाही फाटलं नाही. आता कशाकडे बघायचं ते तुलाच ठाऊक.

नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी हरेश निघणार आहे. तूही होडीत बस, तो उचलून बसवील. खुणा सांगितल्या तर मासा जातो म्हणतात. बोट दाखवलं तर जातो, असं मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

तुझी,
जयवंती