भरतच्या नावाने

शुक्रवार, ९ जानेवारी २०२६. खापर

जायचं ठरलं! अठराला, रविवारी, सुरत. कोरियन बार्बेक्यू बुफे. हेमकांतने गटात फोटो टाकलेत. टेबलाच्या मधोमध भोक, भोकात आग, वर जाळी. मांस कच्चं आणून देतात, भाजायचं आपणच. हॉटेलात जाऊन स्वतः भाजायचं! आणि कितीही खा म्हणे, कोणी अडवत नाही.

हेमकांतने खाली लिहिलंय, "भरत, या वेळी कारणं नकोत."

मी लिहिलं, "येतो."

लिहून फोन उपडा ठेवला. येतो म्हणे! कोण येतो?

शनिवार, १० जानेवारी

वहीत तरी खरं लिहावं.

भरत माझा मुलगा. चोवीस वर्षांचा होता. सव्वीस महिन्यांपूर्वी घाटात त्याची मोटरसायकल घसरली आणि तो गेला. शेवटचा महिनाभर आम्ही धड बोललो नव्हतो. कारण हाच फोन, हाच खेळ. "बोटं मोडून ठेवीन," असं मीच म्हणालो होतो त्याला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन चालू केला. वाजतच राहिला. "कुठे आहेस?" "ये ना." "चौथा माणूस नाही." चौघांचा संघ, बंदुकीचा खेळ. या पोरांनी भरतला कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, ओळख सगळी फोनवरची. कळवायचं म्हणून मी फोन उघडला. कळवणं जमलं नाही. लिहिलं, "आलो." आणि खेळलो. पहिल्याच मिनिटात मेलो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाचला मी भरत असतो. ते बोलतात, मी टाइप करतो. माइक बिघडलाय असं सांगितलंय. दोन वर्षं बिघडलेला माइक! आणि पोरं विश्वास ठेवतात. मला कॅप्टनही केलंय.

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बिनतिकीट माणूस नुसत्या बसण्यावरून ओळखायचो. आता मीच दुसऱ्याच्या पासवर बसलोय.

सुरतेला जाऊन सांगायचंच. पण सांगितलं की तिथलाही भरत जाईल. अख्ख्या जगात ती एकच जागा उरली आहे जिथे त्याला अजून "ये" म्हणतात.

मंगळवार, १३ जानेवारी

बायकोला, रमिलाला, विचारलं. मी खेळतो तेव्हा ती शेजारी भाजी निवडत बसते. पोरांचे आवाज ऐकायला आवडतात तिला. म्हणाली, "सांगून ये. आपण रडून घेतलं. त्यांनी कधी रडायचं?"

काय बोलते ही बाई! जेवणच गेलं नाही मला.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. तिकडे सुरतेत सगळे पतंगात. खेळ नाही. सकाळी बरं वाटलं, पाच वाजता वाईट.

शनिवार, १७ जानेवारी

वाक्य पाठ केलं — "मी भरतचा बा. भरत आता नाही." आरशासमोर तीनदा म्हटलं. चौथ्यांदा दुसरा अर्धा सोडून दिला.

आणखी एक आहे. संघातली हेमांगी भरतला वेगळे मेसेजही पाठवायची, एकट्याला. मी ते उघडलेले नाहीत. कंडक्टरच्या हाती लोक चिठ्ठ्या देतात, डबे देतात. एकतीस वर्षांत एकही उघडला नाही, मुलाच्या उघडू? न वाचलेल्यांचा आकडा वर दिसतो, ३१२. गेल्या पावसाळ्यापासून तिथेच थांबलाय.

रविवार, १८ जानेवारी. सुरत, बसस्थानक, दुपारी चार

गाडीला अवकाश आहे. जसं झालं तसं लिहितो.

मॉलचा तिसरा मजला. सरकता जिना! पाय ठेवायचा अवकाश, आपोआप वर. सवयीने मागच्याला म्हणालो, "सावकाश चढा." तो बघतच राहिला.

तिघे दाराशी उभे होते. आवाज रोजचे, तोंडं नवी! हेमकांत साडीच्या दुकानात आहे. वाढला सुरतेत, पण अजून अहिराणीच बोलतो. चैत्या नवापूरकडचा, आमच्यासारखाच आदिवासी, मोबाइल दुरुस्त करतो. हेमांगी शहाद्याकडच्या गुजर शेतकऱ्याची मुलगी, इथे नर्सिंग शिकते. ती मांस खात नाही, तिच्यासाठी वेगळी जाळी सांगितली होती.

ती माझ्या मागे बघत होती. भरत जिन्यावरून येईल म्हणून.

"मी भरतचा बा," इतकं म्हटलं. पुढचं राहिलं आणि तोंडून निघालं, "त्याला ताप आहे. म्हणून मी आलो."

मेल्या उदेसिंग, काय बोललास हे!

तिघांची तोंडं उतरली. पण पोरं गुणी. हेमकांतने खुर्ची ओढली, "काका, बठा आठे. तुमीबी आमनाच."

आणि मग ते टेबल! जन्मभर चुलीपुढे बसलेला माणूस मी, पण अशी आग पाहिली नव्हती. राख नाही, फुंकणी नाही. वरून एक नळी लोंबते, ती धूर पिऊन टाकते. चाळीस टेबलं, चाळीस आगी, आणि डोळ्याला पाणी नाही! कोंबडी, बकरा, कोळंबी, सगळं पातळ कापून थाळ्यांत रचलेलं. उठायचं आणि आणायचं, पुन्हा उठायचं आणि पुन्हा आणायचं. भाजलेलं मांस कात्रीने कापतात. कात्रीने! हिरव्या पानात गुंडाळून अख्खं तोंडात टाकायचं. बारा वाट्यांत बारा चटण्या. कोबीचं एक लाल आंबट लोणचं होतं — रमिलाला द्यायला हवं होतं! भिंतीवर पाटी, ताटात टाकलं तर दंड, आणि घरी न्यायला मिळणार नाही.

आणि लोक बघा — कोणी कोणाच्या आधी खात नव्हतं. एक भाजतो, बाकीच्यांना वाढतो. आमच्या टेबलावर चैत्या भाजत होता. एवढं मोठं हॉटेल आणि रीत घरातली! मी चाटच पडलो.

पहिला तुकडा चैत्याने मला वाढला. मी तो उचलून एका पानावर काढला, ताटाबाहेर ठेवला, बाजूला पाण्याचे चार थेंब सोडले. आमच्यात पहिला घास गेलेल्याचा. हात आपोआप जातो. पुटपुटलोही — "भरत, घे."

हेमकांतने ऐकलं. हसला. "काका, भरतकरता काढं का? पार्सल चालत नही आठे! सर्वं आठेच खानं पडस."

चैत्याचा चिमटा थांबला. त्याने तुकडा बघितला. पाण्याचे थेंब बघितले. त्याच्या घरीही हीच रीत. जिवंत माणसासाठी कोणी असं काढत नाही. त्याने आग बारीक केली आणि हळूच विचारलं, "कधी, काका?"

"सव्वीस महिने झाले."

हेमकांतला कळायला वेळ लागला. मग म्हणाला, "मंग दोन वरीस आमनासंगे कोन खेळी ऱ्हायंता?"

"मी."

मग चैत्या — "खेळातला तो पूल? तीस जण होते, त्यातून बाहेर काढलंत आम्हाला. ते तुम्ही?"

"मीच. गर्दीतून वाट काढायची सवय आहे."

हेमकांत हसायला गेला आणि रडला. मीही. धुराचं निमित्त करावं तर धूर त्या नळीने ठेवला नव्हता.

हेमांगी रडली नाही. उभी राहिली. "माझे मेसेज वाचलेत?"

"एकही नाही. दुसऱ्याची चिठ्ठी मी उघडत नाही."

"दोन वर्षं मला वाटत होतं, तो गटात बोलतो आणि मलाच टाळतो." एवढंच म्हणाली. पिशवी उचलली आणि गेली. तिच्या जाळीवर पनीर तसंच होतं, करपत.

वेटर टेबल पुसायला आला, पानाला हात घालणार होता. चैत्याने हात आडवा धरला, "राहू दे. ते एकाचं आहे."

आम्ही तिघे वेळ संपेपर्यंत बसलो. मी जेवलो. लिहायला लाज वाटते, पण पोटभर जेवलो. पोरं वाढत होती, नाही कसं म्हणू? निघताना चैत्याने तो तुकडा रुमालात घेतला आणि खाली येऊन झाडाच्या बुंध्याशी ठेवला.

सोमवार, १९ जानेवारी

रमिलाला सगळं सांगितलं. कात्रीचं ऐकून हसली. हेमांगीचं ऐकून चूल सारवायला लागली, सारवलेलीच.

पाचला फोन घेऊन बसलो. कोणी नाही.

मंगळवार, २० जानेवारी

कोणी नाही.

बुधवार, २१ जानेवारी

चैत्याचा फोन आला होता. "हेमांगीला वेळ द्या, काका. ती नाही तर आम्हीही नाही, असं ठरलंय आमचं." बरोबरच आहे. मी चोरी केली. त्या पोरीशी दोन वर्षं भरतच्या तोंडाने वागलो, आणि भरतशीही. ज्या खेळावरून त्याला शिव्या दिल्या तोच त्याच्या नावाने खेळलो. त्याला हे आवडलं नसतं.

फोन कपाटात ठेवतो. संपलं.

शनिवार, २४ जानेवारी

दुपारी कपाटातून फोन वाजला. हेमांगी. तिने भरतचा एक जुना मेसेज पाठवलाय, तो जाण्याआधी नऊ दिवसांचा. जसाच्या तसा उतरवतो —

"बा मे महिन्यात रिटायर होतोय. मग त्याला खेळ शिकवणार. शिव्या देईल, पण शिकेल. पन्नासच्या गाडीत शंभर माणूस भांडण न होता बसवतो तो! आपला कॅप्टन त्यालाच करू. आत्ता कोणाला सांगू नको."

खाली तिने लिहिलंय, "पाचला या, काका. माइक चालू ठेवा."

रमिलाला वाचून दाखवलं. म्हणाली, "पुन्हा वाच."