साक्ष मागे घ्यायची पद्धत नाही

शुक्रवार, ९ जानेवारी

कंबर पुन्हा गेली. फळ्याच्या वरच्या ओळीला हात नेला आणि कुल्ह्यापासून पोटरीपर्यंत तीच जुनी कळ. तास सातवीचा होता. उरलेली भूमिती खुर्चीत बसून शिकवली.

इंजेक्शनला जेमतेम सहा आठवडे झालेत. मणक्यामधली झिजलेली चकती पुन्हा भरून येईल, असं तो क्लिनिकवाला डॉक्टर म्हणाला होता. माझ्याच हाडातला मगज काढला, यंत्रात फिरवला, चकतीत टोचला. वर म्हणे, रोप लावलंय, आता फक्त वाढू द्या.

आणि मी काय केलं? चौथ्या दिवशी दुखायचं थांबलं म्हणून चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना-प्रार्थनेला माइकसमोर उभी राहून साक्ष दिली. आजार गेला की आपल्याकडे देतातच. पण चौथ्या दिवशी! मुलांना उत्तराचा ताळा करून बघा म्हणून ओरडणारी मीच. नवऱ्याला, पास्कलला, अजून सांगितलेलं नाही.

शनिवार, १० जाने.

क्लिनिकला फोन. बऱ्याच वेळाने डॉक्टर फोनवर आले. नाताळात करंज्या तळायला उभ्या होतात का, असं विचारलं. होते. सगळी वसई उभी होती. मग काळजी कमी पडली म्हणाले, अजून एक डोस घ्यावा लागेल. म्हणजे रोप यांचं आणि मेलं ते माझ्या हातून.

पा.ला कळलं. गरम पाण्याची पिशवी आणून दिली. बोलला असता तर बरं झालं असतं.

मंगळवार, १३

अर्धी रजा टाकून वसईतल्या हॉस्पिटलात. मणक्याच्या डॉक्टरबाई वयाने लहान, पण एकेक कागद वाचणाऱ्या. नवा एमआरआय जुन्याशेजारी लावला. चकती तशीच, काळी आणि चपटी. मग क्लिनिकच्या कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. मगजासोबत स्टेरॉइडही टोचलेलं होतं. त्याने सूज उतरते, काही आठवडे बरं वाटतं, मग औषधाचा असर उतरतो. चार दिवसांत चकती उगवत नाही हो टीचर, म्हणाल्या.

संशोधन खरंच चालू आहे, पुढेमागे यातून काहीतरी निघेलही, असंही त्यांनी सांगितलं. पण ते चाचणी म्हणून करायचं असतं. माणसाला आधी स्पष्ट सांगून, पुढे वर्षानुवर्षं तपासून. बरे झालात असं आधीच छापून नव्हे.

ती ओळ मी वाचली कशी नाही? कागद घरातच होता. बाहेर येऊन कॅन्टीनमध्ये रडले, रागाने.

बुधवार, १४

आज फिलू आली. फिलोमिना, माझी धाकटी जाऊ. वाडीतली केळी आणि भाजी तीच बघते. उमेळ्यातल्या शेजारच्या वाड्यांवर इमारती आल्या, हिने विकली नाही. दारात उजव्या पायातली चप्पल मागेच राहिली आणि ती अनवाणी आत आली. तिला कळलंच नाही.

विचारलं तेव्हा सांगितलं. पंधरा दिवस पाऊल उचलत नाही. त्याच डॉक्टरबाईंनी तिला बघितलंय. शीर दबली आहे, ऑपरेशन लवकर करा, उशीर झाला तर पाऊल असंच राहील. शुक्रवार २३ची तारीखही दिली. आणि बाईसाहेबांनी तीच सकाळ क्लिनिकला देऊन टाकली! इंजेक्शन घेणार. कापाकापी नको.

मी सगळं सांगितलं. एमआरआय, स्टेरॉइड, शुक्रवारची कळ. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू देवळात माइकवर सांगितलंस. ते खरं, की हे खरं?"

क्लिनिकमधल्या टीव्हीवर मी दिसते म्हणे. साक्ष देताना. कोणीतरी मोबाइलवर घेतलेलं.

शुक्रवार, १६

शाळा सुटल्यावर थेट विरारला, क्लिनिकवर. खरंच होतं. बाहेरच्या खोलीत सात-आठ माणसं कमरेला पट्टे बांधून बसलेली आणि वर भिंतीवर मी, निळ्या साडीत, हात जोडून. मागे मेणबत्त्या. देवाने आणि डॉक्टरांनी मला नवी पाठ दिली, असं म्हणत होते. माझाच आवाज. लाज वाटली आणि कानशिलं तापली.

काउंटरवरच्या मुलीला बंद कर म्हटलं. "मॅडम, आम्ही कुठे बोलायला लावलं? तुम्हीच बोललात ना?" डॉक्टर आत होते, भेटले नाहीत. मी तिथेच सगळ्यांना सांगितलं, ही बाई मी आहे आणि माझी पाठ दुखते आहे. एक आजोबा उठून गेले. बाकीच्यांनी माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. टीव्ही चालूच.

लेखी तक्रार देणार आहे. कुठे द्यायची ते पा. शोधतोय. पण तक्रारीला महिने लागतील आणि फिलूकडे एक आठवडा आहे.

रविवार, १८

रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर फादरांना गाठलं. साक्ष मागे घ्यायची आहे म्हटलं. ते गोंधळले. अशी पद्धत नाही म्हणाले, लोकांची श्रद्धा डळमळेल. मी म्हटलं, "फादर, श्रद्धा देवावरची डळमळणार नाही. डॉक्टरवरची डळमळली तर डळमळू दे." शेवटी कबूल झाले, बुधवारी सूचना वाचतात तेव्हा दोन मिनिटं.

पा. म्हणाला, जन्मभर बोलतील तुला. बोलू देत. फिलूचं पाऊल गेलं तर मी स्वतःला काय बोलेन, ते त्याला कुठे ठाऊक.

बुधवार, २१

स्कूटर गेटसमोर लावू नका, ही सूचना झाली आणि माझं नाव घेतलं. राग होता म्हणून उभी राहिले. म्हटलं, "माझी पाठ बरी झालेली नाही. मी खोटं बोलले नव्हते, घाई केली. औषध उतरल्यावर दुखणं परत आलं. माझं ऐकून कोणी ऑपरेशन टाळत असेल, तर टाळू नका. मी हात जोडते."

मग गायकवृंदाने घाईघाईने गाणं सुरू केलं. बाहेर एक म्हातारी आंटी म्हणाली, देवाने दिलेलं कोणी परत करतं का? दिलेलं देवाने नव्हतं, आंटी. हे मोठ्याने म्हणाले मी.

फिलू मागच्या बाकावर होती. मी बाहेर पडेपर्यंत निघून गेली.

गुरुवार, २२

दिवसभर फोन उचलला नाही तिने. दीर म्हणतो, वाडीत आहे, कोणाशी बोलत नाही. मला तिचाही राग येतोय. पाऊल तिचं आहे, हट्ट कसला करायचा त्यात? आणि तिला हट्ट करायला मीच तर कारण दिलं.

डॉक्टरबाईंना फोन केला. ऑपरेशनची वेळ अजून तिच्या नावावर आहे, सकाळी आठपर्यंत थांबतील.

संध्याकाळी फिलूचाच फोन आला. आवाज कोरडा.

"उद्या सातला रिक्षा सांगितलीय. कुठे जायचं ते अजून ठरलं नाही. तू बरोबर ये. पण रस्त्यात एक शब्द बोलायचा नाहीस."

येते म्हटलं.